विश्लेषण : व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी यांची विद्या यवतमाळच्या पांढरकवड्यापर्यंत कशी पोहोचली?

*तीन घराण्यांची गायकी आणि हाती विलायती वाद्य. गजाननबुवांनी व्हायोलिन मराठी मैफलीत रुजवले. त्यांची तालीम पुढे नेणाऱ्या प्रमुख शिष्यांत मात्र यवतमाळ जिल्ह्यातील तीन गायक भाऊ आहेत. तंतुवाद्य वाजवणाऱ्या कलाकाराची कारकीर्द कशी घडते, तिच्या मर्यादा कोणत्या आणि तिची विद्या पुढे कुठे जाते, हे या एका परंपरेतून समजून घेता येते.*

गजाननबुवा जोशी कोण होते?

पंडित गजानन अनंत जोशी, म्हणजेच गजाननबुवा, यांचा जन्म ३० जानेवारी १९११ रोजी मुंबईत झाला. वडील अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे शिष्य. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणून ती शिष्यांच्या हाती सोपवणारे गुरू म्हणजे बाळकृष्णबुवा. विष्णु दिगंबर पलुस्करही त्यांचेच शिष्य. त्यामुळे गजाननबुवांना गाणे घरातच मिळाले आणि पहिली तालीम वडिलांकडेच झाली. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाशी या घराण्याचा जुना ऋणानुबंध होता. अंतुबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंधला संगीत उत्सव सुरू केला. तो पुढेही चालत राहावा म्हणून १९८१ मध्ये शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठानची स्थापना झाली.

गजाननबुवा गायक होते, व्हायोलिनवादक होते आणि गुरूही होते. यातला कोणता एक परिचय आधी द्यावा, असा प्रश्न पडावा इतके तिन्ही कामे त्यांनी मनापासून केली. १९७२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. उत्तरायुष्यात ते डोंबिवलीत राहिले. २८ जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

व्हायोलिन भारतीय संगीतात आले कसे?

व्हायोलिन युरोपीयांबरोबर भारतात आले. त्याला पहिल्यांदा आपलेसे केले ते दक्षिणेने. थोर वाग्गेयकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर हे वाद्य युरोपीय वादकाकडून शिकले आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवू लागले. तंजावरच्या प्रसिद्ध चार भावांपैकी वडिवेलू यांनी त्रावणकोर दरबारात ते गाजवले. एकोणिसाव्या शतकातच कर्नाटक मैफलीत गायकाच्या साथीला व्हायोलिन असणे नेहमीचे झाले होते.

उत्तर हिंदुस्थानी संगीतात मात्र हा प्रवेश उशिरा झाला. इथे साथीची जागा सारंगीची होती. पुढे त्यात हार्मोनियम शिरली. महाराष्ट्रात ‘फिडल’ हा शब्द रुळला तो नाटकांमुळे, बँडमुळे आणि संगीत विद्यालयांमुळे. ख्याल वाजवण्यासाठी व्हायोलिनचे घराणे नव्हते आणि पिढीजात वादनपद्धतीही नव्हती. सतार किंवा सरोद शिकणाऱ्या मुलाला घराणेदार उस्ताद शोधता येत असे. व्हायोलिन शिकणाऱ्याला बहुतेक वेळा गाणे शिकून ते स्वतःच तारेवर उतरवावे लागे. गजाननबुवांच्या पिढीने हेच केले.

विलायती वाद्यावर राग वाजवायचा तर काय बदलावे लागते?

वाद्याचा सांगाडा जवळजवळ तोच राहतो. बदल होतो तो वाद्य धरण्यात, जुळवण्यात आणि वाजवण्यात.

पाश्चात्त्य वादक उभा राहून किंवा खुर्चीत बसून वाजवतो आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. भारतीय वादक जमिनीवर बसतो. वाद्याची मान उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकते आणि मागची बाजू डाव्या खांद्याजवळ राहते. दोन्हीकडून आधार मिळाल्यामुळे डाव्या हाताला वाद्य पेलावे लागत नाही. बोटे तारेवर मोकळेपणी वरखाली सरकू शकतात. मींड वाजवायची तर हा मोकळेपणा हवाच.

दुसरा बदल जुळवणीचा. पाश्चात्त्य पद्धतीत चार तारांचे स्वर ठरलेले असतात. आपल्याकडे वादक किंवा गायक जो षड्ज धरेल, त्यानुसार तारा जुळवल्या जातात. षड्ज आणि पंचम हे मुख्य आधार असतात. नेमकी रचना मात्र वादकागणिक थोडी बदलते.

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा. सतारीला पडदे असतात, व्हायोलिनला नसतात. स्वर कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही, कानाने आणि बोटाच्या सवयीनेच तो सापडतो. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे बेसूर होण्याची भीती सतत असते. पण हीच अडचण पुढे वाद्याचे बळ ठरते. दोन स्वरांमधली अखंड वाट, कोमल गंधाराचे आंदोलन, हलका कण हे सारे गळ्यासारखे निघते. त्यात गजाच्या एका ओढीत सूर लांबवता येतो. तार छेडल्यावर नाद विरत जाण्याची अडचण इथे नाही.

‘गायकी अंग’ म्हणजे नेमके काय?

तंतुवाद्यावर राग मांडण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. तंतकारीत वाद्याची स्वतःची भाषा पुढे असते. आलाप, जोड, झाला, मग गत आणि तोडे असा क्रम चालतो. गायकी अंगात वादक मनातल्या मनात गात असतो आणि तेच तारेवर वाजवतो. ख्यालाची बंदिश, तिचा मुखडा, आलापाची बढत, बोलअंग आणि तान हा गायकाचाच क्रम तो पाळतो.

वाद्याला शब्द उच्चारता येत नाहीत. त्यामुळे बंदिशीतला शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो, हे गजाची दिशा बदलून दाखवावे लागते. एकाच ओढीत किती अक्षरे घ्यायची आणि समेवर येताना गज कुठे असला पाहिजे, याचा हिशेब वादकाला आधीच करून ठेवावा लागतो. ज्याला बंदिश गाता येते त्याला हा हिशेब सहज कळतो. गजाननबुवांचे वादन आणि गायन परस्परांना पूरक होते, ते यामुळेच.

त्यांनी तीन घराण्यांची तालीम का घेतली?

वडिलांकडून ग्वाल्हेर गायकी मिळाली होती. तेवढ्यावर एखाद्याची कारकीर्द सहज उभी राहिली असती. गजाननबुवा मात्र शिकत राहिले. आग्रा घराण्याचे उस्ताद विलायत हुसेन खाँ आणि जयपूर घराण्याचे उस्ताद भूर्जी खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. भूर्जी खाँ हे जयपूर गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचे पुत्र. लयीचा अभ्यास पक्का व्हावा म्हणून गजाननबुवांनी तबलाही शिकून घेतला.

त्या काळी हे सोपे नव्हते. एका घराण्याचा शिष्य दुसऱ्याकडे जातो म्हटल्यावर भुवया उंचावत. शिवाय तिन्ही गायकींचे वळण वेगळे. ग्वाल्हेरमध्ये बंदिशीची स्वच्छ मांडणी आणि मोकळी, सरळ तान. आग्र्यात नोमतोमचा आलाप आणि बोलांशी खेळणारी लयकारी. जयपूरमध्ये लांब दमाचा आकार, पेचदार तान आणि अनवट, जोड रागांचा साठा. ही तिन्ही वळणे एका गळ्यात बसवायची तर आधी शिकलेले काही काळ बाजूला ठेवावे लागते. गजाननबुवांनी ते केले. एका घराण्याचा राग दुसऱ्याच्या रीतीने न मांडता, ज्याची चीज त्याच्याच वळणाने गायची, ही शिस्त त्यांनी पाळली आणि शिष्यांनाही लावली.

वादकाचे पोट कशावर चालत असे?

संस्थानांचा आश्रय स्वातंत्र्याच्या सुमारास संपला. त्यानंतर शास्त्रीय कलाकाराला तीन आधार उरले : मैफली, शिकवण्या आणि रेडिओ. गजाननबुवांनी आकाशवाणीवर संगीत निर्माता म्हणून काम केले.

तंतुवादकांच्या दृष्टीने रेडिओचे आणखी एक महत्त्व होते. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. पेटीचे स्वर पक्के ठरलेले असल्याने त्यावर श्रुती आणि मींड वाजत नाहीत, असा आक्षेप होता. त्या तीन दशकांत गायकाच्या साथीसाठी सारंगी आणि व्हायोलिन ही वाद्ये उपयोगी पडली. सारंगी शिकणे अतिशय कष्टाचे असते. तीन मुख्य तारा आणि तीसहून अधिक तरफा जुळवाव्या लागतात, बोटांच्या नखांच्या मुळाशी तार दाबावी लागते. शिवाय कोठ्यावरच्या गाण्याशी जोडले गेल्याने मध्यमवर्गीय घरांत त्या वाद्याकडे संशयाने पाहिले जाई. व्हायोलिनला हे ओझे नव्हते. संगीत विद्यालयात ते मुलामुलींना शिकवता येत होते.

तरीही एक दुखणे राहिलेच. व्हायोलिन साथीला आहे म्हटले की वादक गायकाच्या मागे बसतो. त्याने गायकाची जागा क्षणात टिपायची आणि पुन्हा मागे सरायचे. स्वतंत्र वादनाला पुढे बोलावले जाण्यासाठी वेगळे नाव मिळवावे लागते. गजाननबुवा आणि त्यांच्यानंतरच्या पिढीने व्हायोलिनला एकलवादनाची बैठक मिळवून दिली, हे त्यांचे मोठे काम.

व्हायोलिनची पुढची पिढी कोणती?

गोव्याचे श्रीधर पार्सेकर हे गजाननबुवांचे शिष्य. गोड आणि भावपूर्ण हातासाठी ते ओळखले गेले. १९६४ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. बुवांचे पुत्र मधुकर जोशी यांनीही गायन आणि व्हायोलिन दोन्ही पुढे चालवले.

याच काळात आणखी दोन मराठी नावे मोठी झाली. विष्णु गोविंद तथा व्ही. जी. जोग यांनी श्रीकृष्ण रातंजनकर आणि पुढे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले. त्यांच्या वादनात गजाच्या लयदार आघातांना महत्त्व होते. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंदी लोकप्रिय झाल्या. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. दामोदर केशव दातार यांनी शांत, गायकी अंगाचा मार्ग धरला आणि दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांच्यासारख्या गायकाची साथ केली. २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. किशोरी आमोणकर यांच्या साथीला अनेक वर्षे दिसलेले मिलिंद रायकर हे दातारांचे शिष्य.

म्हणजे एका शतकाच्या आत महाराष्ट्रात व्हायोलिन परके राहिले नाही. पण सतार किंवा तबल्याइतकी गर्दी त्याच्याकडे कधी झाली नाही. शिक्षक थोडे आणि सुरुवातीची वर्षे कठीण, ही त्याची उघड कारणे.

यवतमाळ जिल्ह्याचा यात संबंध काय?

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर पांढरकवडा लागते. केळापूर तालुक्याचे हे मुख्यालय. आसपास कापसाची शेती, जवळच टिपेश्वरचे अभयारण्य आणि पलीकडे तेलंगणाची हद्द. इथे ना संस्थानी दरबार होता, ना घराणेदार उस्तादांची वस्ती. पण ना. द. कशाळकर यांचे घर होते. व्यवसायाने वकील असलेले कशाळकर स्वतः गात आणि संगीताचा अभ्यासही करत. अरुण, विकास आणि उल्हास या त्यांच्या तिन्ही मुलांची पहिली तालीम त्यांच्याकडेच झाली.

उल्हास कशाळकर पुढे नागपूरला गेले. नागपूर विद्यापीठात संगीत शिकताना राजाभाऊ कोगजे आणि प्र. ना. खर्डेनवीस यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. त्यानंतर मुंबई परिसरात राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांच्याकडे त्यांची तालीम झाली. अरुण आणि विकास कशाळकर हेही गजाननबुवांचे शिष्य. अरुण कशाळकर यांनी पुढे आग्रा घराण्याचे बबनराव हळदणकर यांच्याकडेही शिक्षण घेतले आणि ‘रसदास’ या नावाने बंदिशी रचल्या. विकास कशाळकर यांनी पुण्यात गायन आणि अध्यापन केले.

उल्हास कशाळकर १९९३ पासून कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून काम करू लागले. २००८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची गायकी आपापल्या वळणाने मांडणारा गायक ही त्यांची ओळख आहे. डोंबिवलीच्या गुरूने तीन ठिकाणांहून जमवलेली विद्या अशा रीतीने पांढरकवड्याच्या शिष्याकडून कोलकात्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत गेली.

वाद्य वाजवणाऱ्या गुरूकडे गायकाला वेगळे काय मिळते?

गायक गुरू बहुतेकदा स्वतःच्या गळ्याला सोसेल तेच शिकवतो. वादक गुरूला स्वराची जागा बोटाने शोधायची सवय असते. सूर किंचित वर आहे की खाली, हे त्याच्या कानाला लगेच खटकते. साथ केलेल्या वादकाने अनेक गायकांची गायकी हातभर अंतरावरून ऐकलेली असते. कोण समेवर कसा येतो, कोण तान कुठे मोडतो, याचा मोठा साठा त्याच्याजवळ जमतो. गजाननबुवांकडे याखेरीज तबल्याचे ज्ञान होते आणि तीन घराण्यांच्या बंदिशीही होत्या. कडक शिस्तीचे गुरू म्हणून त्यांची ख्याती होती. पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे, अशोक रानडे अशी वेगवेगळ्या स्वभावाची माणसे त्यांच्याकडे शिकली आणि प्रत्येकाचे गाणे वेगळे राहिले.

यातून एक बाब लक्षात येते. व्हायोलिनमुळे नाव झालेल्या या कलाकाराची विद्या मोठ्या प्रमाणावर गळ्यातून टिकली. बंदिश गळ्यात राहिली तर ती कुठल्याही वाद्यावर पुन्हा उतरवता येते. हाताची ढब मात्र शिष्य समोर बसल्याशिवाय पुढे जात नाही. ज्या वादकाला वाजवणारे शिष्य कमी मिळतात, त्याची गजाची ओढ ध्वनिमुद्रणापुरती उरते.

आज यवतमाळच्या मुलाला तंतुवाद्य शिकायचे असेल तर?

पहिली पायरी परीक्षांची आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या परीक्षा गायनाप्रमाणेच वाद्यांसाठीही असतात. त्यामुळे अभ्यासाला क्रम मिळतो. मैफलीचा कलाकार होण्यासाठी मात्र ही पदवी पुरेशी नसते. त्यासाठी एका गुरूकडे दीर्घ तालीम लागते.

दुसरी पायरी आकाशवाणीची. यवतमाळला आकाशवाणी केंद्र आहे. ध्वनिचाचणीतून कलाकाराला ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा श्रेणी मिळतात. श्रेणीप्राप्त कलाकार हे आजही संगीतक्षेत्रात वजनदार बिरुद मानले जाते.

तिसरी अडचण वाद्याची आणि त्याच्या देखभालीची. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण वाद्य घेतल्यावर जवारी काढणे, तारा बदलणे, व्हायोलिनच्या गजाचे केस बदलणे या कामांसाठी जाणकार कारागीर लागतो. तो तालुक्याच्या गावी क्वचित मिळतो. मोबाइलवरच्या वर्गांमुळे गुरूपर्यंत पोहोचणे सोपे झाले आहे. गज धरलेल्या मनगटाचा कोन दुरुस्त करायला मात्र गुरू शेजारीच असावा लागतो.

कशाळकर भावांनी हे अंतर टप्प्याटप्प्याने पार केले. आधी घर, मग नागपूर, मग मुंबई. यातला पहिला टप्पा पांढरकवड्यातच पूर्ण झाला होता. कोर्टाचे काम आटोपून घरी आल्यावर मुलांसमोर गाणारे वडील त्यांना लाभले. गजाननबुवांसारखा गुरू भेटला तेव्हा त्याच्याकडून काय घ्यायचे, हे ओळखण्याइतका कान तोवर तयार झाला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठा गुरू आणता येत नाही, ही अडचण आजही आहे. रोज तंबोरा लावून बसणारे घर उभे करणे मात्र कोणत्याही गावात शक्य आहे.